बघायला आलेली कंपनी

परवा फोनवर तू विचारलंस, तुझ्या तिकडच्या नोकरीच्या अर्जात वंश कोणता, स्त्री की पुरुष की आणखी काही, अपंगत्व आहे का, असे प्रश्न आहेत. उत्तर द्यायची सक्ती नाही, तर द्यावं की सोडून द्यावं? आणि मग म्हणालीस, "आजी, तुमच्याकडे विचारतात का गं असलं?" मी 'विचारतात' एवढंच म्हटलं. तुझी मीटिंग सुरू होत होती आणि ही गोष्ट घाईत सांगण्यासारखी नव्हती. म्हणून लिहून पाठवते. तुझ्या भावालाही वाचून दाखव. यातून तुम्हाला सल्ला मिळेल असं मात्र समजू नका. माझ्याकडे तो नाही.

आधी माझ्या वेळचं सांगते. पिंपरीच्या एका कारखान्यात मी पर्सोनेल खात्यात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळायचे, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे मुलाखतीला गेले तेव्हा मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "लग्न ठरलंय?" दुसरा, "ठरल्यावर नोकरी सोडणार ना?" मी नाही म्हटलं, तर साहेब हसून शेजारच्यांना म्हणाले, "सगळ्या असंच म्हणतात." टंकलेखनाची परीक्षा त्यानंतर झाली. अर्जावर जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, सगळ्याचे रकाने होते आणि ते भरावेच लागत. विचारणारा कशासाठी विचारतोय हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असायचं. ते चांगलं होतं असं मी म्हणत नाही. पण त्यात कुणी फसत नसे.

तुमचे आजोबा टूलरूममध्ये सुपरवायझर होते तेव्हा त्यांच्या हाताखाली एक टर्नर होता. परभणीकडचा. आयटीआय करून आलेला, हाताचं काम अतिशय स्वच्छ. कुटुंब बौद्ध. चिंचवडात खोली शोधायला गेला की आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची आणि सांगितल्यावर ती 'कालच गेलेली' असायची. आडनाव बदलून घे, असं सांगणारे त्याला पुष्कळ भेटले. त्याने बदललं नाही. शेवटी दिघीला लष्कराच्या हद्दीच्या कडेला जमिनीचा तुकडा घेऊन दोन खोल्या बांधल्या आणि तिथेच राहिला. मला तो वहिनी म्हणतो. मी त्याला भाऊ म्हणते. आजोबा गेल्यावरही त्याचं येणंजाणं राहिलं.

त्याची धाकटी मुलगी शाळेत असल्यापासून दर रविवारी माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायची. मला काकू म्हणते. पुढे ती इंजिनियर झाली, घराण्यातली पहिली पदवीधर, आणि भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटीला लागली. कारखाना छोटा. मोठ्या कंपन्यांना गाडीचे सुटे भाग पुरवणारा. तिचं काम ते भाग मोजण्याचं. केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक फरक पकडायचा. आमच्याकडे जेवायला बसली की वाटीचा व्यास नुसत्या नजरेने सांगायची आणि मग पट्टी लावून बघायची. बहुतेक वेळा बरोबर असायचा. चुकला की दोन घास कमी जेवायची.

तिचं एकच स्वप्न होतं. चाकणला मोठ्या कंपन्यांमध्ये मोजमापाची एक वेगळी खोली असते. थंड, स्वच्छ, तापमान कायम एकसारखं ठेवलेली. तिला स्टँडर्ड रूम म्हणतात. तिथल्या यंत्रावर तिला काम करायचं होतं. एवढ्यात भोसरीच्या मालकाने कारखाना दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरवलं. बायकांना तिकडे नेणार नव्हते, त्यामुळे तिची नोकरी जाणार हे नक्की झालं. नेमकी त्याच सुमाराला चाकणच्या एका परदेशी, तुमच्या तिकडच्याच कंपनीची जाहिरात आली. स्टँडर्ड रूमसाठीच माणसं हवी होती, 'महिलांना प्राधान्य'.

अर्ज माझ्याच कॉम्प्युटरवर भरला. शिक्षण आणि अनुभवाचे रकाने लवकर आटोपले. मग आले तुझ्या अर्जासारखे प्रश्न. लिंग, सामाजिक प्रवर्ग, घराण्यातले पहिले पदवीधर आहात का, वैवाहिक स्थिती, घरी कुणाची शुश्रूषा करावी लागते का, अपंगत्व. वर लिहिलं होतं की ही माहिती ऐच्छिक असून निवडीसाठी वापरली जाणार नाही.

"वापरायची नाही तर घेतात कशाला, काकू?"

"आकडे काढायला. किती बायका आल्या, कोणकोण आले."

"मग आकडाच घ्या म्हणावं. वर नाव कशाला पाहिजे?"

तरी तिने खरंखरं भरलं. अपंगत्वाला 'नाही' लिहिलं, कारण नव्हतंच. कामाबद्दल लिहायला चार ओळींची जागा होती. 'तुमचा आजवरचा प्रवास' यासाठी अख्खं पान होतं. तिने चार ओळींत पाच ओळींचा मजकूर बसवायचा प्रयत्न केला आणि प्रवासाच्या पानावर दोन वाक्यं लिहून ते सोडून दिलं.

व्हिडिओवर दोन मुलाखती झाल्या. दोन्हींत त्या दोन वाक्यांबद्दलच विचारलं. आईवडिलांनी कसं शिकवलं, बाई म्हणून काय अडचणी आल्या, वस्तीतून बाहेर पडताना कसं वाटलं. "मी वस्तीतून बाहेर पडलेच नाही, तिथंच राहते," असं तिने सांगितलं तर ते म्हणे फार प्रेमाने हसले.

"मशीनचं कुणी विचारलंच नाही अजून," ती मला म्हणाली.

"विचारतील पुढच्या फेरीला."

पुढची फेरी म्हणजे घरभेट निघाली. मुलींना कामावर घेण्याआधी कंपनीची माणसं घरी येऊन आईवडिलांना भेटतात, हे चाकण पट्ट्यात आता नवीन राहिलेलं नाही. दुसऱ्या पाळीला मुलगी उशिरा येणार, बस कुठपर्यंत येईल, घरच्यांची हरकत नाही ना, हे बघायचं असतं. पण दिघीच्या त्या दोन खोल्यांत मोठ्या हुद्द्याची माणसं चहाला येण्याचा आजवर एकच प्रसंग आला होता. थोरल्या मुलीला बघायला आले होते तेव्हा. त्यामुळे घर आपोआप त्याच तयारीला लागलं.

मला इंग्रजी बोलायला म्हणून मुद्दाम बोलावलं होतं. मी पोचले तेव्हा भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा, पलंगावर नवी चादर, शेजारून खुर्च्या आणलेल्या, आत पोह्यांना फोडणी बसलेली.

"साडी नेस की गं," तिची आई तिला म्हणाली.

"आई, मला बघायला नाही येत ते."

"मग कुणाला? मला?"

शेजारची बाई खुर्ची द्यायच्या निमित्ताने आत येऊन उभीच राहिली. "मुलगा काय करतो?"

"मुलगा नाही मावशी, कंपनी आहे."

"असू दे. निर्व्यसनी आहे ना?"

सगळे हसलो. मुलगीही हसली. त्या घरात मी तिला तसं हसताना त्यानंतर पाहिलेलं नाही.

दोघं आले. एक तरुण बाई, गळ्यात कंपनीचं कार्ड, आणि एक वयस्क गृहस्थ. दारात चपला काढल्या. पाणी दिलं ते घटाघट प्यायले, पोहे मागून घेतले. भाऊचं सगळं लक्ष त्या पाण्याच्या पेल्यांकडे होतं. ज्याला खोली मिळाली नव्हती त्या माणसाने ते का पाहावं, हे तुम्हाला कदाचित समजावून सांगावं लागेल. तुमच्या बाबांना विचारा. माझ्या इंग्रजीची गरजच पडली नाही. तरुण बाई उत्तम मराठी बोलत होती. पाळ्यांचं, बसचं बोलून झालं. घर आवडलं म्हणाली, बुद्धमूर्ती कुठून आणली ते विचारलं. मग तिने वही मिटली आणि म्हणाली, "काका, तुमच्या लेकीबद्दल आम्हाला आणखी काही सांगावंसं वाटतं?"

तिला काय अपेक्षित होतं ते मला कळलं. पोरगी कशी कंदिलाखाली अभ्यास करायची, असलं काहीतरी. पण भाऊच्या कानाला तो प्रश्न वेगळा लागला. थोरलीच्या लग्नात मुलाकडच्यांनी मुलाचं पिणं लपवलं होतं, आणि त्याचे भोग ती अजून भोगते आहे. तेव्हापासून भाऊचा नियम होता: दोन घरं एकमेकांच्या दारात आली की जे असेल ते आधी सांगून टाकायचं.

"पोरगी सोन्यासारखी हाय," तो म्हणाला. "पण एक सांगून टाकतो. नंतर फसवलं म्हणू नका. लहानपणी हिला फिट यायच्या. तिसरीत असताना. दोन-तीनदाच आल्या. मग गोळ्या चालू होत्या, त्या पण डॉक्टरनं बंद केल्या. त्यानंतर आजपर्यंत काही नाही. पण सांगितलेलं बरं."

"पप्पा," मुलगी म्हणाली. एवढंच.

तरुण बाईचा चेहरा उजळला. मी खोटं लिहीत नाही, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, किती विश्वासाने सांगितलंत! असे लोकच आम्हाला हवे आहेत." मग मुलीकडे वळून म्हणाली, "तुम्ही हे फॉर्ममध्ये लिहिलं नव्हतं."

"कारण आता मला काही नाहीये."

"हो, हो. तुमची इच्छा. पण लिहिलंत तर आम्हाला मदतच होईल."

"नाही लिहायचं मला."

"काहीच हरकत नाही. ऐच्छिक आहे."

ते गेले. भाऊने पोह्यांच्या रिकाम्या बशा स्वतः उचलल्या. "चांगली माणसं होती," तो म्हणाला, आणि मलाही तसंच वाटलं. अजूनही वाटतं. ती बाई मनापासून बोलत होती.

पत्र आलं ते स्टँडर्ड रूमचं नव्हतं. कंपनीत सर्व समाजांतल्या लोकांना सामावून घेण्यासाठी जो नवीन विभाग काढला होता, त्यातलं ते काम होतं. टेबलखुर्चीचं, एक वर्षाच्या कराराचं. तिने फोन करून विचारलं तर त्या बाईने समजावलं की तुमच्यात आम्हाला एकाच व्यक्तीत खूप काही मिळालं आहे, तुमचा प्रवास इतरांना प्रेरणा देईल, आणि एकदा आत आलात की अंतर्गत बदली मागता येते. भोसरीची यंत्रं तोवर ट्रकवर चढायला लागली होती. तिने होकार दिला.

ते वर्ष मी रविवारच्या रविवार ऐकलं. महिला दिनाला भाषण. बाहेरचे पाहुणे आले की त्यांच्यासमोर प्रवास. कॉलेजांत जाऊन प्रवास. एकदा पोस्टरसाठी फोटो काढला तो मात्र थेट स्टँडर्ड रूममध्ये. पांढरा कोट घालून तिच्या हातात मायक्रोमीटर दिला. तिने तो धरायचा तसा धरला, तर फोटोवाला म्हणाला, "मॅडम, असा नको, चेहऱ्याजवळ घ्या. छान दिसतं." तिने सांगितलं की असा धरला तर माप चुकतं. तो म्हणाला, "मोजायचंय कुठे?"

ते पोस्टर गेटजवळ लागलं. लाइनवरची मुलं तिला बघून म्हणायची, "राव, पोस्टर चालत आलं बघ." कुणी म्हणायचं, "मॅडम, आमचा पण प्रवास लिहा की, लातूर ते चाकण, एसटीनं." ती मला हे हसून सांगायची. त्यातल्या काहींशी तिची चांगली मैत्री झाली असती, जर ती त्यांच्यात काम करत असती.

बदलीचा अर्ज तिने पहिल्या तिमाहीतच दिला होता. स्टँडर्ड रूमचा प्रमुख तयार होता. त्याने तिला अर्धा तास यंत्राबद्दल प्रश्न विचारले. कंपनीत तिला कामाचं विचारणारा तो पहिला माणूस. त्या रविवारी ती माझ्याकडे भरभरून बोलली. मग कागद अपघात टाळण्याचं बघणाऱ्या सुरक्षा विभागाकडे गेला आणि सुरक्षा विभागाने तो कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवला. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला फिटचा इतिहास आहे, यंत्राजवळ आणि पाळीत काम देता येणार नाही.

"पण हे मी कुठेच लिहिलेलं नाही."

"तुमच्या घरून सांगितलं गेलं. घरभेटीच्या अहवालात आहे. माहीत झालेलं आम्हाला विसरता येत नाही."

ती पुण्यातल्या मेंदूच्या डॉक्टरकडे गेली, तपासण्या केल्या, कुठलंही काम करण्यास योग्य असल्याचा दाखला आणला. कंपनीच्या डॉक्टरांनी तो नीट वाचला. "यांचं म्हणणं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण उद्या काही झालं तर खाली सही माझी असेल." ती त्या तरुण बाईकडे गेली. बाईला फार वाईट वाटलं. तिने सुरक्षा विभागाला मेल लिहिला. सुरक्षा विभागाने तो डॉक्टरांकडे पाठवला.

तुम्ही म्हणाल, कोर्टात जायचं. माझ्याही ते मनात आलं. मी एका ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, नोकरी नाकारली का? नाही. पगार कमी दिला का? उलट जास्त. अपमान केला का? सत्कार केला. मग दावा कशाचा लावायचा?

वर्ष संपत आलं आणि वरून, म्हणजे तुमच्या तिकडच्या मुख्य कार्यालयातून, हे सगळं कामच आता बंद करायचं असं ठरून आलं. विभाग मिटला. त्या तरुण बाईचीही नोकरी गेली. जाताना तिने हिला मिठी मारली आणि दोघी रडल्या. पोस्टर काढून तिथे हेल्मेट घालण्याची सूचना लावली.

भाऊ एका दुपारी एकटाच माझ्याकडे आला. चहा घेतला नाही.

"वहिनी, मीच वाटोळं केलं का पोरीचं?"

"नाही, भाऊ."

"मग कुणी केलं?"

कुणाचं नाव घेणार? त्या बाईचं? डॉक्टरचं?

"लग्नात सांगितलं असतं तर फार तर स्थळ मोडलं असतं," तो म्हणाला. "दुसरं बघितलं असतं. ह्यांनी मोडलं बी नाही अन् नेलं बी नाही. वर पोहे खाऊन गेले."

त्यानंतर तिने किती ठिकाणी अर्ज केले ते मी मोजलेलं नाही. प्रश्न तेच. फक्त आता 'पूर्वी कधी आजार होता का' याला काय लिहायचं हे तिला ठरवावं लागतं, कारण चाकणच्या कंपनीने तपासणीचे कागद बाहेरच्या एका संस्थेत ठेवले आहेत आणि नव्या कंपन्या तिथेच चौकशी करतात. खरं लिहिलं की बोलावणं येत नाही. एकदा 'नाही' असं लिहिलं, तर मुलाखतीत विचारलं, "हे लपवलंत का?" भाऊ म्हणतो, लिहू नको. ज्या माणसाने आडनाव लपवलं नाही, तो हे सांगतो आणि सांगून बाहेर पायरीवर जाऊन बसतो. भोसरीच्या दुसऱ्या एका मालकाने साधे सरळ प्रश्न विचारले: लग्न, जात, घर. मग तिची फाईल बघून म्हणाला, "वर्षभर भाषणंच केलीत की तुम्ही. हाताची सवय मोडली असेल आता."

सध्या ती दिघीलाच औषधांच्या दुकानात बिलं करते. मालक बरा आहे. आणखी काही मिळतं का ते बघण्यासाठी गेल्या रविवारी आम्ही तिचा बायोडाटा पुन्हा उघडला. नावाखाली ठळक अक्षरांत 'क्वालिटी इंजिनियर' असं मीच टाइप केलं होतं, ती भोसरीला कामाला लागली त्या आठवड्यात.

"काकू, ही ओळ काढून टाका."

"का गं? आहेसच ना तू."

"ते बघून बोलावतात, आणि मग तेच प्रश्न सुरू होतात. नको."

"मग त्या जागी काय लिहू?"

"काही नको. नुसतं नाव असू दे."

मी ती ओळ पुसली. खालचा मजकूर थोडा वर सरकला. तिने पडद्याकडे पाहिलं, ठीक आहे म्हणाली, आणि दुकान उघडायची वेळ झाली म्हणून निघून गेली.